सुळ्याच्या टोकावरचा पाव मिलिमीटर : एका थिसिसच्या मोजणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका पदव्युत्तर ऑर्थोडोंटिक्स, म्हणजे वेडेवाकडे दात तारा लावून नीट करण्याच्या, विभागातलं आहे. ओळख पटेल असे सगळे तपशील मी काढून टाकले आहेत. या थिसिसची मी सह-गाइड होते, त्यामुळे इथे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे.

दात फार पुढे आलेले असतील तर बऱ्याचदा पहिली उपदाढ काढतात आणि त्या मोकळ्या जागेत सुळा मागे ओढून घेतात. सुळा साधारण महिन्याला एक मिलिमीटर सरकतो आणि जागा असते सहा-सात मिलिमीटरची. म्हणजे नुसत्या या टप्प्यालाच अर्धं वर्ष लागतं. ‘डॉक्टर, तारा कधी निघणार?’ हा प्रश्न प्रत्येक भेटीत येतो, आणि दात लवकर सरकवण्याच्या युक्त्यांवर एवढं संशोधन होतं ते त्यामुळेच.

त्यातलीच एक युक्ती म्हणजे मायक्रो-ऑस्टिओपर्फोरेशन, बोलीत एमओपी. हिरडी बधिर करून सुळ्यामागच्या हाडात दोन-तीन बारीक छिद्रं पाडायची. हाडाला इजा झाली की त्या भागात हाड झिजण्या-भरण्याचा वेग काही काळ वाढतो. हाडांचे अभ्यासक हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी १९८३ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं होतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत या छिद्रांनी सुळ्याचा वेग २.३ पट झाल्याचं आलं आणि विषय एकदम गाजला. पुढे झालेल्या अनेक चाचण्यांत मात्र तेवढा फरक दिसला नाही.

आमच्या विद्यार्थिनीने हाच विषय घेतला. १८ रुग्ण, स्प्लिट-माउथ पद्धत : प्रत्येकाच्या वरच्या जबड्यात एका बाजूला छिद्रं, दुसरी बाजू तुलनेसाठी. कोणती बाजू हे चिठ्ठीने ठरलेलं. दोन्हीकडे सारख्याच ताकदीची स्प्रिंग. सुरुवातीला आणि पुढे चार महिने दरमहा एक माप घ्यायचं, म्हणजे दातांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती, अर्थात मॉडेल्स, प्रत्येकाची पाच आणि एकूण ९०. ती स्कॅन करून संगणकावर मोजायची. मुख्य निकाल म्हणून प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या आधीच लिहिलेल्या आराखड्यात, चार महिन्यांत सुळा एकूण किती सरकला हे लिहिलं होतं.

मोजायची रीत अशी. टाळूवर पुढच्या भागात आडव्या वळ्या असतात. त्यांतल्या तिसऱ्या वळीचं मधलं टोक उपचारात फारसं हलत नाही, म्हणून तो स्थिर बिंदू धरतात. तिथून टाळूच्या मध्यरेषेला काटकोनात रेषा काढायची आणि त्या रेषेपासून सुळ्याच्या टोकापर्यंतचं अंतर घ्यायचं. महिनाभराने हेच अंतर पुन्हा घेतलं की किती सरकला ते कळतं. क्ष-किरणांची गरज नाही, म्हणून ही रीत लोकप्रिय आहे.

प्रोटोकॉलमध्ये आणखी एक ओळ होती : ‘मोजमाप ब्लाइंडेड निरीक्षक करेल.’ म्हणजे छिद्रं कोणत्या बाजूला आहेत हे माहीत नसलेला माणूस. हा निरीक्षक कोण, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ही ओळ विभागातल्या आधीच्या प्रोटोकॉलवरून जशीच्या तशी आली होती. मी ती वाचली आणि खाली सही केली.

अडचण कुठे उभी राहिली

थिसिस द्यायला पाच आठवडे उरले असताना निष्कर्षांचं प्रकरण माझ्याकडे आलं. ठळक वाक्य होतं : पहिल्या महिन्यात छिद्रांच्या बाजूचा सुळा ०.३१ मिमी जास्त सरकला, पी ०.०२ (म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता दोन टक्के). चार महिन्यांच्या एकूण अंतरात संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक नव्हता, आणि ते वाक्य तिसऱ्या परिच्छेदात गेलं होतं. विद्यार्थ्यांच्या एका परिषदेत याच ०.३१ वर तिचं पोस्टरही लागून गेलं होतं.

मुख्य निकाल मागे सरकून दुय्यम निकाल पुढे आलाय, ही पहिली खूण. पण मी खरी थबकले ती पद्धतीच्या प्रकरणातल्या एका ओळीवर : ‘दहा मॉडेल्स दोन आठवड्यांनी पुन्हा मोजली. आयसीसी ०.९७, म्हणून मोजणी उत्कृष्ट.’

ही ओळ अनेक थिसिसमध्ये असते आणि ती बहुतेकांना फसवते. आयसीसी म्हणजे दोन वेळच्या मोजण्या किती जुळतात ते सांगणारा गुणांक, एकच्या जितका जवळ तितका चांगला मानतात. आयसीसी काय किंवा साधा सहसंबंध काय, तो आकडा रुग्णारुग्णांत किती फरक आहे त्यावरही अवलंबून असतो. एकाचं अंतर चार मिलिमीटर आणि दुसऱ्याचं आठ असेल, तर मोजणारा पाव मिलिमीटर चुकला तरी आयसीसी छान येतो. दोन मोजण्या एकमेकींशी जुळतात का हे सहसंबंधावरून ठरवू नये, हे ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच दाखवून दिलं होतं. आपल्याला शोधायचाय तो फरक आहे पाव मिलिमीटरच्या आसपासचा. तेव्हा चूक मिलिमीटरमध्येच कळायला हवी.

त्यासाठी ऑर्थोडोंटिक्समध्ये जुनं सूत्र आहे, डालबर्ग यांचं, १९४० सालचं. दोन मोजण्यांतले फरक घ्यायचे, त्यांचे वर्ग करून बेरीज करायची, तिला जोड्यांच्या संख्येच्या दुपटीने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. दहा मॉडेल्सच्या दोन बाजू म्हणजे वीस जोड्या. आम्ही दोघींनी मिळून गणित केलं. उत्तर आलं ०.२४ मिमी.

एका अंतराची चूक ०.२४. पण ‘एका बाजूचा सुळा दुसऱ्यापेक्षा किती जास्त सरकला’ या एका आकड्यात चार मोजण्या असतात : दोन बाजू, दोन वेळा. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर चारांचं वर्गमूळ दोन, म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या फरकावर ०.४८ मिमीची चूक. रुग्णांमधल्या त्या फरकांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, होतं ०.५१. याचा अर्थ, आम्ही ज्याला रुग्णांमधली विविधता समजत होतो ती जवळजवळ सगळी माऊस धरलेल्या हाताची थरथर होती.

मी लगेच म्हणाले, ‘चूक फरकापेक्षा मोठी आहे, निकाल बाद.’ इथे माझंही चुकलं होतं. आमच्या संख्याशास्त्रज्ञांनी मला थांबवलं. चूक दोन्ही दिशांना सारखी पडत असेल तर १८ जणांच्या सरासरीत ती बरीचशी विरते. निकाल डळमळीत होतो, पण नसलेला फरक एकाच बाजूला उभा राहत नाही. त्यांनी विचारलं, ‘चूक एकाच दिशेला झुकतेय का, ते पाहिलंत का?’

पाहिलं नव्हतं. चिठ्ठ्यांची यादी मला माहीत नव्हती, म्हणून मी त्याच दहा रुग्णांची सुरुवातीची आणि पहिल्या महिन्याची मॉडेल्स स्वतः मोजली. त्या दहा जणांत विद्यार्थिनीच्या मोजणीने सरासरी फरक ०.३४ मिमी येत होता. माझ्या मोजणीने ०.०९.

मग आम्ही एक मॉडेल पडद्यावर मोठं करून पाहिलं. रुग्ण तिशीतला, सुळ्याची टोकं घासून सपाट झालेली. टोक असं उरलंच नव्हतं, होता तो दीडेक मिलिमीटर लांबीचा चकचकीत पट्टा. सुरुवातीच्या मॉडेलवर दोन्ही बाजूंना तिचा ठिपका पट्ट्याच्या मधोमध होता. महिन्यानंतरच्या मॉडेलवर साध्या बाजूला तो मधेच राहिला होता, तर छिद्रांच्या बाजूला पट्ट्याच्या मागच्या कडेला गेला होता. सुळा मागे सरकतो, त्यामुळे ठिपका मागे गेला की दात जास्त सरकल्यासारखा दिसतो.

ती बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘मॅडम, मला खरंच तिथेच टोक दिसलं होतं.’

माझा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला. तिने आकडे फुगवले नव्हते. छिद्रं तिनेच पाडली होती, रुग्ण तिनेच तपासले होते, मोजणी तिचीच, आणि मोजणीच्या तक्त्यात रकान्यांची नावं होती ‘एमओपी’ आणि ‘कंट्रोल’. कोणत्या बाजूला दात जास्त सरकायला हवा हे प्रत्येक क्लिकला तिच्या डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं. झिजलेल्या टोकावर दीड मिलिमीटरची मोकळीक मिळाली की डोळा हव्या त्या बाजूला झुकतो. कोणाचाही झुकेल.

कोणते पर्याय होते

गाइड सर, संख्याशास्त्रज्ञ, विद्यार्थिनी आणि मी असे चौघं बसलो. बैठक ताणाची झाली.

पहिला पर्याय सरांचा होता : निकाल आहे तसा द्यावा आणि ‘अभ्यासाच्या मर्यादा’मध्ये ब्लाइंडिंग झालं नसल्याचं लिहावं. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. मुदत जवळ आली होती, थिसिस लांबला तर मुलीची परीक्षा पुढे जाणार होती, आणि मर्यादा लपवा असं ते म्हणत नव्हते. पण मर्यादांच्या परिच्छेदात आपण ज्या शंका दूर करू शकलो नाही त्या लिहितो. इथे मॉडेल्स कपाटात होती, स्कॅन संगणकावर होते आणि चूक कुठे आहे हेही कळलं होतं. दुरुस्त करता येणारी चूक मर्यादा म्हणून लिहिणं मला पटलं नाही.

दुसरा पर्याय, विद्यार्थिनीनेच बाजू झाकून पुन्हा मोजायचं. थिसिस तिचा, तेव्हा मोजणीही तिची असावी, हा विचार त्यामागे होता. तिनेच तो खोडून काढला. ‘मी प्रत्येक तोंड ओळखते,’ ती म्हणाली. ‘नाव काढलं तरी हे कोण आणि छिद्रं कुठे होती हे मला आठवणारच.’ त्या दिवसातला सर्वात प्रामाणिक क्षण मला हाच वाटतो.

तिसरा, आणखी रुग्ण घ्यायचे. यात वेळ तर जाणार होताच, शिवाय सदोष मोजपट्टीने जास्त रुग्ण मोजले की चुकीचं उत्तर जास्त ठामपणे येतं. हा दहा मिनिटांत निकालात निघाला.

चौथा, चाचणी बाजूला ठेवून थिसिसचं रूपांतर मोजणीच्या विश्वासार्हतेच्या अभ्यासात करायचं. हा मोह मला झाला होता, कारण त्यातून अभ्यास नीटनेटका झाला असता. पण अठरा माणसांनी इंजेक्शन सोसलं होतं, हाडात छिद्रं पाडून घेतली होती. त्यांना सांगितलेला प्रश्न वेगळा होता. नकारात्मक आणि अनिर्णित निकालही जाहीर करायला हवेत, असं माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीती ठरवणारा हेलसिंकी जाहीरनामा सांगतो. तो प्रश्न अर्ध्यावर सोडायचा अधिकार आम्हाला नव्हता.

उरला पाचवा पर्याय : सगळी ९० मॉडेल्स नव्या रीतीने, बाजू माहीत नसलेल्या दोघांकडून पुन्हा मोजून घ्यायची. सरांनी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. चार आठवडे मिळाले.

काय केलं

आधी मोजायची रीत बदलली, आणि सगळ्यात जास्त फरक याच गोष्टीने पडला. दर मॉडेलवर टोक नव्याने शोधायचंच नाही असं ठरवलं. एका रुग्णाची पाचही मॉडेल्स टाळूवर एकमेकांवर बसवायची. सुरुवातीच्या मॉडेलवरच्या सुळ्याचा पूर्ण आकार कापून घ्यायचा आणि तोच तुकडा पुढच्या प्रत्येक मॉडेलच्या सुळ्यावर चपखल बसवायचा. बिंदू एकदाच, पहिल्या तुकड्यावर ठेवायचा. पुढच्या मॉडेल्सवर तो तुकड्याबरोबर आपोआप जातो. टोक झिजलेलं असलं तरी बिघडत नाही, कारण दाताच्या सगळ्या पृष्ठभागाचा आकार जुळवला जातो.

दुसरं काम कोड देण्याचं. विभागातल्या तंत्रज्ञांनी फाइलची नावं काढून सरमिसळ आकडे दिले. कोणतं मॉडेल कितव्या महिन्याचं हेही झाकलं, फक्त पहिलं कोणतं ते उघड ठेवावं लागलं. विश्लेषणात बाजूंना ‘क्ष’ आणि ‘य’ अशी नावं दिली. किल्ली संख्याशास्त्रज्ञांकडे राहिली.

मोजणारे कोण? माझं नाव आधी ठरलं होतं, पण त्या झिजलेल्या सुळ्याच्या रुग्णाची बाजू मला कळलेली होती. एकच रुग्ण, तरी मी बाजूला झाले. पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी आणि चाचणीशी संबंध नसलेल्या एक सहकारी शिक्षिका अशा दोघांनी काम घेतलं. आमच्या विद्यार्थिनीने मोजणीची लेखी कृती तयार केली, दोघांना शिकवलं आणि चाचणीबाहेरच्या पाच मॉडेल्सवर सराव करून घेतला. तिला पहिल्या दोन दिवसांत हे फार जड गेलं. स्वतःची मॉडेल्स दुसऱ्याच्या हाती देऊन दाराबाहेर थांबणं सोपं नसतं.

मोजणी सुरू करण्याआधी एका कागदावर लिहून ठेवलं की मुख्य निकाल प्रोटोकॉलमधलाच, चार महिन्यांचं एकूण अंतर. पहिला महिना दुय्यम. त्यावर चौघांच्या सह्या झाल्या आणि मगच पहिली फाइल उघडली.

निकाल

नव्या रीतीत डालबर्गची चूक ०.२४ वरून ०.१३ मिमीवर आली.

‘क्ष’ आणि ‘य’ चं विश्लेषण पूर्ण झाल्यावर किल्ली उघडली. चार महिन्यांत छिद्रांच्या बाजूचा सुळा सरासरी ०.१५ मिमी जास्त सरकला होता, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या टप्प्यात असू शकतो असं आकड्यांवरून धरतात तो) उणे ०.२२ ते ०.५२. पहिल्या महिन्यातला फरक ०.३१ वरून ०.०८ मिमीवर आला, इंटरव्हल उणे ०.१० ते ०.२६.

आता विद्यार्थिनी दुसऱ्या टोकाला गेली. नव्या मसुद्यात तिने लिहिलं, ‘एमओपीने दात सरकण्याच्या वेगात कोणताही फरक पडत नाही.’ हेही आकडे सांगत नव्हते. इंटरव्हलचं वरचं टोक ०.५२ मिमी आहे, म्हणजे चार महिन्यांत अर्ध्या महिन्याची बचत होत असल्याची शक्यता या १८ रुग्णांवरून नाकारता येत नाही. नाकारता येते ती वेग दुपटीने वाढण्याची. शेवटी तिने लिहिलं की मिळालेला सरासरी फरक चार महिन्यांत चार-पाच दिवसांच्या बचतीइतका आहे, आणि तेवढ्यासाठी इंजेक्शन व छिद्रं सुचवण्याइतका पुरावा या अभ्यासात नाही. मला हे वाक्य फार आवडलं. खुर्चीत बसलेल्या माणसाला समजेल अशा मापात ते होतं.

जुनी मोजणी लपवली नाही. दोन्ही तक्ते परिशिष्टात समोरासमोर दिले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सर्वात जास्त वेळ त्याच पानावर घालवला. थिसिस मंजूर झाला.

रुग्णांना निकाल कळवू असं संमतिपत्रात लिहिलं होतं. तिने ते नेहमीच्या भेटींमध्ये एकेकाला सांगितलं. एका बाईंनी विचारलं, ‘मग माझी छिद्रं फुकटच गेली का?’ ती गडबडली, मग म्हणाली, ‘ताई, आता पुढच्या माणसाला मी ती सुचवणार नाही.’ बाईंनी आपली मॉडेल्स बघायला मागितली. पहिलं आणि पाचवं शेजारी ठेवून त्या बराच वेळ निरखत होत्या.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला निर्णयबिंदू दोन वर्षं आधीचा होता, माझ्या सहीचा. ‘ब्लाइंडेड निरीक्षक’ म्हणजे कोण, त्याला फाइल कोण देणार, कोड कोणाकडे राहणार, हे तीन प्रश्न तेव्हा विचारले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. आता विभागात ब्लाइंडिंगच्या ओळीसमोर माणसाचं नाव नसेल तर प्रोटोकॉल परत जातो.

मोजणीची चूकही पहिल्या रुग्णाच्या आधीच काढायला हवी होती, जुन्या दहा मॉडेल्सवर. ०.२४ चा आकडा तेव्हाच दिसला असता, आणि टोकावर ठिपका ठेवायची रीत तेव्हाच बदलता आली असती. रुग्णसंख्या ठरवतानाही आम्ही २०१३ च्या मोठ्या फरकावर जरा जास्तच भिस्त ठेवली. किती दिवस वाचले तर रुग्णाला छिद्रं मंजूर होतील, या प्रश्नापासून सुरुवात केली असती तर १८ पेक्षा बरेच जास्त रुग्ण लागतात हे आधीच कळलं असतं, आणि कदाचित हा विषय एका थिसिसच्या आवाक्यातला नाही हेही.

स्प्लिट-माउथबद्दल माझी शंका अजून फिटलेली नाही. एका बाजूच्या इजेचा परिणाम दुसऱ्या बाजूपर्यंत थोडाफार पोचत असेल, तर तुलनेची बाजू खरोखर साधी राहत नाही आणि फरक आहे त्यापेक्षा कमी दिसतो. मोजणी कितीही सुधारली तरी हा प्रश्न तसाच राहतो.

शिकवण्यात एक बदल आम्ही लगेच केला. पहिल्या वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच सत्रात दहा मॉडेल्स दोनदा मोजतो, स्वतःची डालबर्ग चूक काढतो आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लिहितो. बहुतेकांचा आकडा त्यांना वाटतो त्यापेक्षा मोठा येतो.

पोस्टर मात्र राहिलं. परिषदेच्या आयोजकांना आम्ही दुरुस्तीचं पत्र पाठवलं. त्यांनी ते नोंदवून घेतल्याचं कळवलं, पण सारांशांची पुस्तिका तोपर्यंत छापून वाटली गेली होती. पुढे कोणी या विषयावरचे सगळे अभ्यास गोळा करायला बसलं, तर त्यांच्या हाती ती पुस्तिकाही लागेल आणि आमचा सारांश त्यात ०.३१ सकट असेल.